रानकुत्र्यांचा वाटा

कुंभारवाडा, २ नोव्हेंबर १९८६

ती. केशरअक्कास लखूचा सा. न. वि. वि.

आपल्या गोरी गाईचं वासरू रानकुत्र्यांनी ओढ्याकाठी जिवंत फाडलं. मी पोहोचलो तेव्हा ते मान वर करून बघत होतं आणि मागून कुत्री आतडी ओढत होती. माझं डोकंच फिरलं. त्याच मढ्यात शेतातलं औषध भरलं. सकाळी आख्खा कळप पिल्लांसकट फेस गाळून पडला होता. एक तडफडत होतं, ते कोयत्यानं संपवलं. गावानं नारळ देऊन माझा मान केला. आता तरी भावजींनी मला भित्रा म्हणू नये. तुझी भावजय फुला मात्र गाल फुगवून बसली आहे.

माया कमी करू नकोस.
तुझा, लखू

खानापूर, १९ नोव्हेंबर १९८६

चि. लखूस अनेक आशीर्वाद.

तू भित्रा नाहीस, बिनडोक आहेस. कुत्र्यांनी मारलेल्या सांबराची मांडी बाबा घरी आणायचे आणि बाकीचं त्यांचा वाटा म्हणून तिथंच सोडायचे, विसरलास? ती आहेत म्हणून डुकरं भातात उतरत नाहीत, असं सांगायचे. आता राखण कोण करणार? हे म्हणतात, लखूनंच आता रानकुत्र्यांसारखी शीळ घालत रानात फिरावं. मला हसू आलं नाही. जपून राहा.

फुलाला गोड बोल, पत्र लवकर टाक.
तुझी, अक्का

कुंभारवाडा, १४ नोव्हेंबर १९८८

ती. अक्कांना फुलाचा शि. सा. न.

यांना लिहवत नाही, म्हणून मी लिहिते. गेल्या वर्षी डुकरांनी अर्धं भात उखडलं. यंदा भादव्यात कळपच्या कळप उतरले. हे काठी घेऊन आडवे गेले. नरानं सुळ्यानं मांडी उभी चिरली, पडल्यावर फिरून येऊन पुन्हा फाडली. हाड उघडं पडलं होतं. मी लुगडं फाडून आवळलं आणि बैलगाडीतून रामनगर गाठलं, तिथून बेळगावला नेलं. जीव वाचला, पाय कापावा लागला. तुम्हाला कळवू नको म्हणाले, रागावू नका.

परवा डोंगरावरून पुन्हा रानकुत्र्यांची शीळ आली. काल त्यांनी गोरीचं यंदाचं वासरू मारलं. शेजारचा परशू औषधाची बाटली घेऊन निघाला. हे हट्टानं माझ्या पाठुंगळी बसून निघाले आणि कोयता घेऊन मढ्याजवळ जाऊन बसले. परशूला म्हणाले, ह्यो त्यांचा वाटा हाय, हात लावशील तर तुझा हात ऱ्हायचा न्हाई. परशू शिव्या देत परतला. अंधारून आल्यावर मी यांना उचलून आणलं.

सकाळी तिथं खूर तेवढे उरले होते. गोरी हंबरते आहे, आणि हे तिच्या गळ्यात हात टाकून रडताहेत.

आमच्यावर अशीच माया असू द्या.
तुमची, फुला