पापडावरची हद्दपारी

ईलिंग, लंडन, ५ सप्टेंबर २०२५

चि. अरुणा हिस,
अ. उ. आ. वि. वि. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून पत्र. यंदाही इथल्या मराठी मंडळाच्या सभेत अध्यक्षपदाचा राजीनामा दिला, आणि यंदाही तो टाळ्यांत बुडाला. भांडी घासत घासत केटरिंगचा धंदा उभा केला, पण या खुर्चीतून उठणं जमत नाही. दिवाळीचा हॉल मीच बघायचा, फराळ मीच, माइकही मीच. तुझे राजीवराव गेल्यापासून तू भाऊबीजेला एकटी, आणि ओवाळणी मात्र बँकेतून येते. यंदा मी येणार म्हणजे येणार.

तू युनिव्हर्सिटीत ग्रीक शिकवतेस. डोईजड माणसाला मतं टाकून गावाबाहेर काढायची त्यांची काही रीत होती ना? सविस्तर कळव. लोभ आहे तो तसाच राहू दे.
तुझा,
शशीदादा

ग्लासगो, १२ सप्टेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि. होती. अथेन्समध्ये एखादा फारच भारी होऊ लागला की लोक फुटक्या मडक्याच्या खापरीवर त्याचं नाव कोरत. आरोप नाही, वकील नाही. ज्याच्या नावाच्या खापऱ्या जास्त, त्याने दहा वर्षं गाव सोडायचं. घरदार शाबूत. मात्र सहा हजार खापऱ्या लागत. तुमचं मंडळ साठ जणांचं, त्यातले निम्मे पार्किंग शोधत असतात.

शिवाय तुला कोण काढणार? तुझ्या बाकरवडीवर अख्खं मंडळ टिकून आहे. मी दरवर्षी पाट मांडते आणि त्यावर मांजर येऊन बसतं. गेल्या वर्षी त्यालाच ओवाळलं. बहिणीची आठवण ठेव.
तुझी,
अरुणा

ईलिंग, १२ ऑक्टोबर

चि. अरुणा हिस,
अ. उ. आ. वि. वि. सभेत मी अथेन्ससारख्या हद्दपारीचा ठराव मांडला. सगळ्यांना आवडला, कारण प्रत्येकाच्या मनात कुणीतरी होतंच. सेक्रेटरी अवधूत तर म्हणाला, अथेन्सच्या त्या पुढारी पेरिक्लीसनंतर खरी लोकशाही आपल्याकडेच! पण हॉलवाल्यांनी हेल्थ अँड सेफ्टी काढली, फुटकी भांडी चालणार नाहीत. मग मी पापड सुचवले. चिंचेच्या चटणीने नाव लिहायचं, पापड आपल्या ताटात ठेवायचा, अवधूतने फिरून मोजायचं.

माझ्याशेजारी माधवराव. चष्मा आणि कवळी, दोन्ही घरी. मला न ओळखता म्हणाले, अहो, जरा त्या शशीचं नाव लिहा; जो तो त्याला भला माणूस म्हणतो, ऐकून कान किटले. मी ठळक अक्षरांत लिहून दिलं.

मोजणीला नियमाप्रमाणे मी दाराबाहेर. कोणीतरी वरण-भात वाढायला घेतला वाटतं. आतून आवाज आला, कुर्रम. मग दुसरा. मग अख्खी सभा! माझे कान तिखट. माझी भाऊबीज लोक चावून खात होते. आत गेलो तर एकच पापड शिल्लक, दात नसलेल्या माधवरावांचा. निकाल: एक विरुद्ध शून्य. मी हद्दपार!

अवधूत रडला, आणि रडता रडता हॉलची किल्ली कुठे असते ते विचारलं. परत बोलावतील अशी धास्ती आहे. थारा देशील ना?
तुझा निर्वासित,
शशीदादा

ग्लासगो, १६ ऑक्टोबर

ती. दादास,
सा. न. वि. वि. अॅरिस्टायडीस म्हणून अथेन्सचा एक पुढारी होता. त्यानेही अनोळखी मतदाराला स्वतःचंच नाव लिहून दिलं, असं सांगतात. फक्त त्याने बॅग आधीच भरून ठेवली नसावी. पुढे पर्शियन चालून आले तेव्हा त्याला परत बोलावलं. अवधूतला सांग, पर्शियन दिसेपर्यंत फोन करायचा नाही.

इथे तू परगावचा. परक्याला अथेन्समध्ये मत नसे आणि पदही नसे. तू फक्त पाटावर बसायचं. माया आहेच, भूक घेऊन ये.
तुझी,
अरुणा

ता. क. पाटाबाबत आज घरात मतदान घेतलं. मांजर हद्दपार. एक विरुद्ध शून्य.