व्हर्लिनची पंचवीस काडतुसं

लंडबी, साउथ डकोटा
२१ मार्च २०२१

चि. लोवेल यास,
आर्डिसचे अ. उ. आ. वि. वि.

तू परत गेल्यापासून घर फार निवांत झालंय. शेजारणींनी दुखवट्याला भाजून आणलेल्या हॉटडिशची सात भांडी अजून फ्रीजरमध्ये आहेत, प्रत्येकाच्या बुडाला चिकटपट्टीवर नाव. मी रोज एकेक गरम करते, दोन घास खाते आणि खिडकीशी बसते. सकाळी मक्याच्या धसकटांवर धुकं असतं. त्या धुक्यातून व्हर्लिन चालत येतोय असं वाटत राहतं. घाबरू नकोस, डोकं ठिकाणावर आहे. नुसतं वाटतं.

दफनाच्या दिवशी तुझ्याशी एक बोलायचं राहिलं. अर्धी राख चर्चच्या आवारात त्याच्या आईशेजारी गेली, ती तू पाहिलीस. उरलेल्या अर्धीबद्दल त्याने शेवटच्या आठवड्यात माझ्याकडून वचन घेतलंय. ती काडतुसांत भरायची आणि ऑक्टोबरात फेझंट पक्ष्यांच्या शिकारीचा हंगाम उघडेल त्या सकाळी, मक्याच्या ज्या कोपऱ्यावर तो चाळीस वर्षं उभा राहिला, तिथून आभाळात सोडायची. छर्रे घालायचे नाहीत. माझ्या वाटणीचे पक्षी मी पाडलेत, आता माझ्यापायी आणखी एक नको, असं म्हणाला. आपल्याकडे हे करणारा तो काही पहिला नाही. मिल्ड्रेडचा नवराही बदकांच्या तळ्यावरून असाच गेला.

काल तळघरात उतरले. काडतुसं भरायचं यंत्र पुसून ठेवलेलं, बंदुकीच्या दारूचा डबा अर्धा, वापरलेली टरफलं रंगाप्रमाणे लावलेली. फक्त प्रायमर नाहीत. बुडाशी बसणारं ते ठिणगीचं बटण नसेल तर बाकी सगळं असून उपयोग काय? जानेवारीत याच्या मित्राने, ड्वाइटने मागितले, तेव्हा याने होते तेवढे गुरुवारच्या नेमबाजी क्लबला देऊन टाकले, हवेत उडवलेल्या मातीच्या तबकड्या फोडायला. दाता मोठा.

गॉर्डीच्या दुकानात गेले. काडतुसांच्या फळीवर आता पाखरांचे दाणे आणि मासे धरायचे गळ मांडलेत. म्हणाला, साथ आल्यापासून देशभर तुटवडा आहे, पूर्वी हजार प्रायमर पस्तीस डॉलरला जायचे, आता कोणी दोनशे घेऊन आला तरी मी देणार कुठून. राख भरून देणारे लोकही आहेत म्हणे, पण त्यांच्याकडे वर्षभराची रांग. मला पंचवीस पुरेत. तुझ्याकडे काही जमतंय का बघ. दिलेला शब्द मोडला तर मी त्या खिडकीशी कशी बसू?

कळावे. वायोमिंगच्या वाऱ्यात लोभ उडून जाऊ देऊ नकोस.
तुझी,
आर्डिस


शेरिडन, वायोमिंग
१८ एप्रिल २०२१

ती. आर्डिसताईस,
लोवेलचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि आधी हसूच आलं. जिवंतपणी या गृहस्थाने मला एक काडतूस उसनं दिलं नाही, आणि आता त्याच्यासाठी मी दारोदार.

इथल्या दुकानात मंगळवारी गाडी येते. कधी येते, काय आणते, कोणाला ठाऊक नसतं, म्हणून लोक पहाटे घडीच्या खुर्च्या टाकून बसतात. माझ्यापुढे एक बाई मोजा विणत होती. दार उघडेपर्यंत टाच वळवून झाली तिची. माणशी एकच डबा असा नियम. मी बारावा होतो आणि डबे आले अकरा. पुढच्या मंगळवारी मी पहिला होतो, तेव्हा आले ते रायफलचे. ते छर्ऱ्याच्या बंदुकीच्या काडतुसात बसत नाहीत, तरी लोकांनी नेलेच. काहीतरी हातात असावं एवढंच.

मग कोणीतरी एमेटचं नाव सांगितलं. ऐंशीचा आहे, गावाबाहेर एकटा राहतो. विकायचे नाहीत म्हणून त्याने दारातच सांगितलं. मी पाठ फिरवली, तेव्हा विचारलं की कशाला हवेत. मी खरं ते सांगितलं. तो आत गेला, वेळ लावला, आणि बाहेर येऊन माझ्या तळहातावर पंचवीस मोजले. सव्विसावा नाही. पैसे घेईना. कॉफीला मात्र बसवून घेतलं आणि दोन तास बायकोबद्दल बोलला. ती गेल्याला एकोणीस वर्षं झाली. मी परत येताना डोंगरावर अजून बर्फ होतं, आणि गाडी आपल्या आपणच चालतेय असं वाटत होतं.

टपालाने हे पाठवता येत नाहीत, कायदा आहे. जूनअखेर मी स्वतः घेऊन येतो. तोवर हॉटडिश संपव.

तुझ्या मायेत माझी जागा राखून ठेव, कळावे.
तुझा,
लोवेल


लंडबी
११ जुलै २०२१

चि. लोवेल यास अ. उ. आ.

सुखरूप पोचल्याचं कळलं. इथे मका छातीपर्यंत आलाय आणि वारा सुटला की सगळं शेत श्वास घेतल्यासारखं हलतं.

तळघरातली ती दुपार मला अजून पुरतेय. तू दांडा ओढत होतास आणि मी आईच्या मापाच्या चमच्याने त्याला एकेका टरफलात ओतत होते. तू म्हणालास की आयुष्यात पहिल्यांदा हा सांगितल्या जागी बसतोय. मी हसता हसता रडले, ते तू पाहिलं न पाहिल्यासारखं केलंस. बरं केलंस.

पंचवीस काडतुसं त्याच्याच एका जुन्या खोक्यात बसली. वर नाव लिही असं तू दोनदा सांगितलंस, पण पेन घेतलं की दगडावर नाव कोरल्यासारखं वाटतं, म्हणून ठेवून दिलं. खोका मागच्या खोलीत त्याच्या बुटांच्या वरच्या फळीवर आहे. येता-जाता मी त्याच्याशी बोलते. पाऊस किती झाला, पाद्रीणबाईचं प्रवचन कसं लांबलं. परवा स्वप्नात तो खोक्यातून म्हणाला की मध्ये जरा हवा येऊ दे. मी सकाळी उठून झाकण खरंच थोडं उघडलं.

दिवस मोजतेय. कळावे, लोभ वाढता असावा, तब्येत नको.
तुझी,
आर्डिस


लंडबी
१० सप्टेंबर २०२१

लोवेल,

आशीर्वाद वगैरे आज तूच समजून घे. खोका गेला.

काल मी चर्चच्या स्वयंपाकघरात सुगीच्या जेवणासाठी सफरचंदाचे गोड पाय भाजत होते. घरी आले तर फळी रिकामी, खाली स्वीटकॉर्नची पिशवी आणि चिठ्ठी: एक खोका नेतोय, दुकानात माल आला की भरून देतो, ड्वाइट. मी त्याला दोष तरी कसा देऊ? आपल्याकडे दार कोण लावतं? मागच्या खोलीत यायचं, हवं ते न्यायचं, चिठ्ठी ठेवायची. ड्वाइटची शिडी चार वर्षं आमच्याकडे आहे. क्लबच्या हंगामाचा शेवटचा गुरुवार, त्याची काडतुसं संपलेली, आणि मित्राच्या फळीवर एक खोका.

आज सकाळी तो स्वतःच आला, पडल्या चेहऱ्याने. त्याला काहीच माहीत नाही. पाच जागांवरून पाच-पाच तबकड्या. पहिल्या पाच चुकल्या, तेव्हा ऊन डोळ्यांवर येतंय म्हणाला. दुसऱ्या पाचांना बंदुकीला नावं ठेवली. तिसऱ्या पाचांनंतर कोणी हसेना. कोणाजवळ उसनं द्यायला काडतूस नव्हतं आणि थांबणं त्याच्या स्वभावात नाही. पंचवीसपैकी शून्य. ज्याने आजवर तेवीसच्या खाली कधी पाहिलं नाही, तो शून्य. प्रत्येक बार उडाला की एक करडा ढग उठायचा, म्हणाला, आणि तो खाली बसायचाच नाही, मावळत्या उन्हात तरंगत राहायचा. दारू जुनी असेल असं आधी वाटलं त्याला. आता म्हणतो, वय झालं. डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ घेतलीय, बंदूक विकायला काढतोय.

मी त्याला कॉफी दिली, पण खरं सांगितलं नाही. तो गेल्यावर मागच्या खोलीत जमिनीवर बसून रडले. व्हर्लिन गेला तेव्हाही अशी रडले नव्हते. एक काम सांगितलं होतं रे त्याने मला. एकच.

आर्डिस


शेरिडन
१८ सप्टेंबर २०२१

ती. आर्डिसताईस सा. न. वि. वि.

पत्र वाचून मी अंगणात जाऊन बसलो. हसावं की रडावं ते कळेना, मग दोन्ही केलं.

तुझं वचन मोडलं, हे मी नाकारत नाही. पण ताई, ड्वाइटला सांग. तो माणूस स्वतःला आंधळा समजून बंदूक विकेल, आणि ते व्हर्लिनला राखेतसुद्धा सहन व्हायचं नाही. आधी सफरचंदाचा पाय खाऊ घाल आणि मग सांग. ऑक्टोबरात मला येता येत नाही, गुडघ्याचं ऑपरेशन आहे. तू मात्र त्या सकाळी कोपऱ्यावर जा. रिकाम्या हाताने गेलीस तरी जा.

दुरून का होईना, माझा हात तुझ्या खांद्यावर आहे असं समज.
लोवेल


लंडबी
१७ ऑक्टोबर २०२१

चि. लोवेल यास,
थोरल्या बहिणीचे अ. उ. आ. वि. वि.

गुडघा कसा आहे? नर्सशी भांडू नकोस.

ड्वाइटला मी सांगितलं होतं, तुला लिहायचा धीर होत नव्हता. सफरचंदाचा पाय नेला. त्याने अर्धा तुकडा खाल्ल्यावर सांगितलं. त्याने काटा खाली ठेवला आणि बाहेर गेला. खिडकीतून दिसत होता, ट्रॅक्टरला हात टेकून उभा. मी वाट पाहिली आणि निघून आले. त्यानंतर तीन आठवडे तो मला चर्चमध्येही टाळत होता. गेलं हेही एक माणूस, असं मनाशी धरलं मी.

काल हंगाम उघडला. शिकार दहाला सुरू होते, मी नऊलाच कोपऱ्यावर गेले. धुकं एवढं होतं की मका संपतो कुठे ते कळेना. आणि धुक्यात माणसं उभी. मला वाटलं, परत माझ्या डोळ्यांचे खेळ. जवळ गेले तर क्लबचे अकराजण, त्यांत गॉर्डीसुद्धा, आणि सगळ्यांच्या पुढे ड्वाइट. त्याच्या हातात त्या गुरुवारचा गुणांचा कागद होता. स्वतःचं नाव आणि शून्य खोडून त्याने वर लिहिलं होतं, व्हर्लिन टॉलफसन, पंचवीस.

तो म्हणाला, "पंचवीसच्या पंचवीस उडाली, आर्डिस, एकही अडलं नाही. उडवणारा मी नव्हतो. टोपी आण त्याची."

तुला माहीतच आहे, ज्याच्या पहिल्यांदा पंचवीसच्या पंचवीस तबकड्या फुटतात, त्याची टोपी हवेत फेकून मित्र छर्ऱ्यांनी तिची चाळण करतात. व्हर्लिन तीस वर्षं चोवीसवर अडून राहिला. ती बियाणं कंपनीची हिरवी टोपी मार्चपासून गाडीत माझ्या शेजारच्या सीटवर असते. कडेला त्याच्या घामाचा डाग आहे, अजून वास आहे. ती द्यावीशी वाटेना. पण त्यांच्याकडे पाहिलं. प्रत्येकाने एक काडतूस बाजूला काढून आणलं होतं, आणि काहींकडे पुऱ्या हंगामाला मिळून तीनच आहेत. शिवाय दहाच्या आधी इथे बार झाले म्हणजे या शेतातला एकेक फेझंट नदीपलीकडे जाणार. वर्षभर वाट पाहिलेली सकाळ ते हातची घालवत होते. मी टोपी आणली.

फेकायचं मीच म्हटलं. होता नव्हता तो जोर लावला. ती वर गेली, धुक्यात हरवली, परत दिसली, आणि अकरा बंदुका एकदम वाजल्या. मक्यातून शंभरेक पक्षी उठले आणि पंखांचा तो आवाज किती वेळ डोक्यावरून जात राहिला. मी वर पाहत राहिले. लोवेल, मला तेव्हा दुःख नव्हतं. तो गेला, एवढंच स्वच्छ कळलं.

टोपी धसकटांत पडली होती. ड्वाइटने ती उचलून माझ्या हातात दिली. मी फिरवून पाहिली, आतून पाहिली, उजेडाकडे धरली. एक भोक नाही. डोळे मिटून तबकडी फोडणारे अकराजण, त्यात डॉक्टरने नजर पक्की म्हणून सांगितलेला ड्वाइट, आणि एकाचाही छर्रा लागला नाही. ड्वाइट माझ्याकडे न बघता म्हणाला की हल्लीच्या काडतुसांत दमच राहिला नाही, आणि बाकीच्यांनी गंभीरपणे माना हलवल्या.

मी टोपी डोक्यावर घातली आणि तशीच गाडी चालवत घरी आले.

कळावे. जमेल तेव्हा ये, दार उघडंच आहे.
तुझी,
आर्डिस