गोळी बंद करण्याचा बेत

१२ मार्च
रिपोर्ट आला. पांढऱ्या पेशींचा क्रॉनिक कॅन्सर. डॉ. अनीश म्हणाले, दोन गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल झालेत, त्यातून एक नवाच जीन तयार झालाय, आणि तो पेशींना सारखं 'वाढा, वाढा' सांगतोय. स्विच ऑनच राहिलाय म्हणे. मला लगेच समजलं. इंदूरच्या परदेशीपुऱ्यात तीस वर्षं मोटर वाइंडिंगचं दुकान चालवतोय. शॉर्ट सर्किट आहे. बायको, विनीता, रडत होती, तिलाही समजावलं.
इलाज: रोज जेवणानंतर एक गोळी. कधीपर्यंत? सध्या कायमच समजा, म्हणाले.

१३ मार्च
संकल्प: सहा महिन्यांत काम तमाम. रोज पाच किलोमीटर चालणे. सेव बंद.

१५ मार्च
सेव थोडी. बिनसेवेच्या पोह्यांना इंदूरमध्ये पोहे म्हणत नाहीत. चालणे सोमवारपासून.

२० एप्रिल
डोळ्यांखाली सूज. पिंडऱ्यांत गोळे. गोळीचे साइड इफेक्ट म्हणे. शेजारचे विक्रम भिया म्हणाले, रात को ज्यादा हो गई क्या? मी आयुष्यात थेंब घेतला नाही. बेटम्याला भाचीच्या लग्नात विनीता भर पंगतीत गोळी आणि पाण्याचा ग्लास घेऊन उभी. खुंट्याच्या म्हशीलाही थोडी मोकळी दोरी असते.

२२ डिसेंबर
मॉलिक्युलर रिपोर्ट फर्स्ट क्लास. तो जीन जवळजवळ गायब. श्रेय इच्छाशक्तीला. (चालणे अजून सुरू व्हायचंय.) विचारलं, गोळी बंद होते का? डॉक्टर म्हणाले, काही पेशंटची करून बघतो, पण रिपोर्ट कित्येक वर्षं शून्याजवळ राहिला तर, आणि आमच्या देखरेखीत.
म्हणजे बंद होते. त्यांच्याच तोंडून वदवून घेतलं.

४ जानेवारी
सुधरलेली मोटर रोज कोणी वाइंड करत नाही. विनीता गोळी देते, मी गालात धरतो आणि गॅलरीत जाऊन बंद कूलरमध्ये टाकतो. मेपर्यंत त्याला कोण हात लावतंय. तिला नंतर सरप्राइज.

२ फेब्रुवारी
स्वतःच ब्लड काउंट करून आलो. पांढऱ्या पेशी नॉर्मल. पिंडऱ्यांना आराम. एकदम फिट.

२४ मार्च
मॉलिक्युलर रिपोर्ट बिघडला. काउंट नॉर्मल दिसला तरी आत जीन वाढत असतो, असं डॉक्टरांचं म्हणणं. गोळी चुकली का, विचारलं. मी तोंड उघडायच्या आत विनीता म्हणाली, "एक दिवस नाही, डॉक्टरसाहेब. मी स्वतःच्या हाताने देते." त्यानंतर माझं बोलणं शोभलं नसतं.
डॉक्टर गंभीर झाले. पेशींनी रूप बदललं असेल, औषधाला दाद देत नसतील. म्यूटेशन टेस्ट करू. कदाचित दुसरं औषध, पण त्यात हार्टवर लक्ष ठेवावं लागतं.
आजपासून गोळी गिळतोय. तात्पुरती.

३ एप्रिल
विनीता नीट जेवत नाही. म्हणते, माझ्या हातालाच यश नाही. उद्या सांगून टाकतो. योग्य शब्द शोधतोय.

४ एप्रिल
पाहुणे होते. उद्या.

११ एप्रिल
म्यूटेशन सापडलं नाही. डॉक्टर कोड्यात. सोमवारी ईसीजी. त्यांना सांगावं तर विनीताला कळेल, न सांगावं तर हार्टवालं औषध. सध्या परिस्थिती कंट्रोलमध्ये आहे.

१२ एप्रिल
यंदा ऊन लवकर तापलं. विनीताने कूलर उघडला.
ओरडली असती तर बरं झालं असतं. सगळ्या गोळ्या वेचून एका वाटीत ठेवल्या आणि शेजारी बसली. म्हणाली, "मी रोज देवाला विचारत होते, माझं काय चुकलं." मी मोटरचं उदाहरण सुरू केलं. पूर्ण झालं नाही.

१३ एप्रिल
तिनेच डॉक्टरांना सांगितलं. नवीन औषध रद्द. ते रागावले नाहीत. म्हणाले, पेशी बिचाऱ्या औषध मानत होत्या, औषधच पोचत नव्हतं. तीन महिन्यांनी पुन्हा टेस्ट. गोळी बंद करण्याचा विषय मी काढला नाही.

१५ एप्रिल
जेवलो. गोळी घेतली. विनीता म्हणाली, तोंड उघडा. उघडलं. जीभ वर. केली. मोबाइलचा टॉर्च मारून बराच वेळ बघत होती.
मग तिने स्वतःचं ताट वाढून घेतलं.