मागे एकशे अठ्ठावीस घरं

५ जून

ती. मामांस, सा. न. वि. वि.

आत काय चाललंय ते बघितल्याशिवाय ज्यांना चैन पडत नाही, अशी आपल्या घरात दोनच माणसं: तुम्ही आणि मी. आपलं गाऱ्हाणंही एकच. हल्लीची यंत्रं झाकण उघडूच देत नाहीत!

माझ्या रेडिओदुरुस्तीच्या टेबलावर सध्या एक जुना घरगुती संगणक आहे, टीव्हीला जोडायचा, कॅसेटवर चालणारा. आईच्या कपाटातल्या डब्यात तुमच्या असेंब्लरची कॅसेट मिळाली. शब्दांत लिहिलेल्या आज्ञा यंत्राच्या आकड्यांत बदलणारा हा दुभाषी माझ्या मामाने लिहिलाय, असं मी गिऱ्हाइकांना सांगते. कोणी विश्वास ठेवत नाही.

पडद्यावरचं तुमचं फर्मान वाचलं: फुकट वापरा, मित्रांना वाटा, उपयोगी पडलं तर लेखकाला पत्र लिहा, मग पुढचं कुलूप उघडणारा किल्लीचा आकडा मिळेल. मी टाळाटाळ केली. दोनशे ओळी झाल्यावर स्वारी अडून बसली आणि आता तरी पत्र लिहा म्हणाली. म्हणून हे पत्र. मी त्यावर पडद्यावर चालणाऱ्या घड्याळाचा प्रोग्रॅम करतेय. किल्ली पाठवा.

आणि एक विचारू? तुमचं नाव काढलं की आई पाणी प्यायला का उठते?

तुमची खटपटी भाची

१४ जून

चि. खटपटीस अनेक आशीर्वाद.

किल्ली ४०९१. तीनशे अनोळखी लोकांनी तिच्यासाठी पत्रं लिहिली. त्यात एक दातांचा डॉक्टरही होता, तो त्यावर बुद्धिबळ लिहीत होता! पण पहिली कॅसेट मी दिली होती तुझ्या आईला, आणि तिचंच पत्र आलं नाही. उलट माझ्या लग्नात, चार पाहुण्यांदेखत, माझा असेंब्लर चुकतो असं ती म्हणाली. तुला यातलं काय कळतं, असं मी बोलून गेलो. तेव्हापासून सव्वीस वर्षं आम्ही कार्यांत भेटतो आणि हवापाण्यावर बोलतो.

एक खोड सांगून ठेवतो. प्रोग्रॅममध्ये एका आज्ञेवरून दूरच्या आज्ञेवर जाण्याला उडी म्हणतात; अगदी टोकाची उडी मागे मारायला गेलीस, तर असेंब्लर ती नाकारतो. का, ते मला कधीच सापडलं नाही. घड्याळ चाललं की कळव.

मामा

२२ जून

ती. मामांस कोपरापासून नमस्कार. भांडायला बसले आहे.

किल्ली लागली. पुढे घड्याळाला मागची उडी हवी होती, ती तुमच्या दुभाष्याने नाकारली. त्याच डब्यात तळाशी दुसरी कॅसेट होती, वर आईच्या अक्षरात ‘दादासाठी’. ती लावली आणि उडी बसली! तीन दुपारी खर्चून दोन्ही कॅसेटी आकडा न् आकडा ताडून पाहिल्या. फरक एकाच आकड्याचा. यंत्राला आपल्या स्मृतीत पुढे एकशे सत्तावीस घरं उडी मारता येते, मागे एकशे अठ्ठावीस. तुम्ही दोन्हीकडे एकशे सत्तावीसलाच दार लावलंत, आईने मागचं दार एक घर सरकवलं. म्हणजे झाकण उघडणारं तिसरं माणूस आपल्या घरात होतं, आणि आपण ते मोजलंच नाही.

आईला विचारलं. ती चादरींच्या घड्या घालत होती. म्हणाली, की ही कॅसेट आणि पत्र ती लग्नातच तुमच्या हातात देणार होती. आधी चूक तोंडाने सांगावी म्हणून बोलली, आणि तुमचं उत्तर ऐकून पिशवीचं तोंड बांधलं. पत्र अजून आहे. मी मागितलं, तर ते दादाला लिहिलंय, तुला नाही, म्हणून मला उडवून लावलं.

मामा, तीनशे जणांना लावलेला नियम आता स्वतःला लावा! ज्याचं काम उपयोगी पडलं, त्याला पत्र लिहायचं. तिचा दुभाषी माझ्या टेबलावर चालतोय, तुमचा अडलाय. हवापाणी नको, खुलासे नकोत. सोबत पोस्टकार्ड आहे, आईचा पत्ता घालून. चूक माझी होती, तुझी कॅसेट आणि पत्र मला हवंय, एवढंच लिहा.

माझा लोभ आहेच. तो वाढवायचा असेल तर हे पत्र खाली ठेवा, चपला घाला आणि ते कार्ड आजच्या आज पेटीत टाका.

तुमची खटपटी