गाडी मी घेऊन राह्यली

५ नोव्हें. २००२, कुरखेडा
नागभीडला मामेबहिणीकडे गेली होती. येताना पाटासाठी सागाची फळी पाहायला रज्जाकभाईच्या लाकूड चिरायच्या आरामशीनवर थांबली. फळी राहिली बाजूला. शेडमध्ये ताडपत्रीखाली एक मोटार. विलायती. चार दारांची, पण अंग स्पोर्ट गाडीचं, बसकी, लांब नाकाची. बाटलीहिरवी. आत लाकडी डॅशबोर्ड, काटा मैलांचा. मागची सीट उंदरांनी खाल्लेली. रज्जाकभाईच्या वडिलांनी कोळसा खाणीच्या कोण्या साहेबाकडून घेतली होती, ते गेले तेव्हापासून उभी.
"विकता का?" म्हटलं. ते हसले. मी नाही हसली.

६ नोव्हें.
गुरुजींना सांगितलं. (लग्नाला तीस वर्षं झाली, गाव म्हणते म्हणून मीही गुरुजीच म्हणते.) भात कालवता कालवता थांबले.
"काऊन पाहिजे?"
"आवडली."
"आवडली हे काय कारण झालं?"
मला तरी दुसरं सापडलं नाही. शोधलंही नाही.

१० नोव्हें.
रजा टाकून पुन्हा नागभीड. रज्जाकभाई चहा पाजतात, फळी दाखवतात, गाडीचं बोलत नाहीत. शेवटी म्हणाले, "सिस्टरबाई, गुरुजींले धाडा न. मर्दामर्दात सौदा बराबर होते."
"गाडी मी घेऊन राह्यली, भाऊ. पैसे माझे, लायसन माझं. बोला माझ्याशी."
"चालवान तुम्ही?"
दवाखान्याची जीप पल्स पोलिओच्या वेळी कोरचीच्या घाटात कोणी चालवली, विचारा म्हटलं. ड्रायव्हर तापानं मागे झोपला होता. डोज कोणी पोचवले?
म्हणाले, विचार करतो. करा.

११ नोव्हें.
सुजाताचा फोन, नागपूरहून. बापानं कळवलंच. "आई, तुले घ्यायचीच आहे तर मारुती घे न. पार्ट तरी भेटतात."
बरोबर आहे तिचं. सगळ्यांचंच बरोबर आहे. हेच तर.

१७ नोव्हें.
रज्जाकभाईंचा निरोप आला, आधी चालवून दाखवा. त्यांच्या मेकॅनिकनं बॅटरी नवी टाकली, ब्रेक पाहिले, दोन्ही कार्बोरेटर साफ केले. चोक ओढला, खोकली, खोकली, अन् उठली. तळोधीच्या रस्त्यानं नेली. रज्जाकभाई बाजूला, दाराची मूठ गच्च धरून. स्टिअरिंग जड, रिव्हर्स लागता लागत नाही. पण टॉपला टाकली तेव्हा आवाज एकदम खाली गेला, नदीत उतरल्यासारखा. दोन्हीकडे कापलेले धान, मध्ये मी. मोठ्यानं हसली.
परत आल्यावर रज्जाकभाई उतरले. म्हणाले, "ले जाओ बाई. अब्बा भी ऐसेच हसते होते."

१८ नोव्हें.
विहाराचे सेक्रेटरी घरी आले. बातमी पोचली. सत्कार करायचा म्हणतात, पेपरात देऊ, समाजातल्या बाईनं साहेबाची मोटार घेतली, केवढी अभिमानाची गोष्ट. शाल-श्रीफळ.
"नको," म्हटलं. "साहेबाची म्हणून नाही घेतली. चांगली दिसते म्हणून घेतली."
चेहरा पडला त्यांचा. चहा अर्धा ठेवून गेले. वाईट वाटलं, पण शब्द मागे घेतला नाही.

२४ नोव्हें.
आणली. वैनगंगेच्या पुलाअलीकडे नाक्यावर थांबवली. पोरगेला शिपाई आत डोकावला, मागे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे.
"साहेब कुठी आहेत?"
"कोणते साहेब?"
"गाडीवाले."
"मीच."
सलाम ठोकावा की नाही ते त्याला ठरवता येईना. मी निघून आली.
गल्ली सगळी बाहेर. आमचं दार बंद. गुरुजी आत पेपर वाचत. तोच, सकाळचा.

२५ नोव्हें.
शेवटी बोलले. ओरडले नाहीत, ओरडले असते तर बरं होतं.
"आपल्याकडे बोट दाखवायले लोकं टपलेलेच असतात, शशी. तीस वर्षं कोणाले जागा नाई दिली. शर्टाची इस्त्री नाई मोडू दिली. अन् तू..."
"दाखवू द्या बोट. मी काच वर करीन."
"थट्टा नाई करून राह्यलो. ती गाडी राहील नाई तर मी."
"दोघंही राहा. जागा आहे."
दुपारच्या बसनं वडशाला गेले, भावाकडे. धोतराच्या घड्या स्वतःच घातल्या.

२९ नोव्हें.
ड्यूटी. घर. ड्यूटी. भाजी दोघांची होते, सवयीनं.
शेजारची मंदाबाई म्हणते, "आता अडल्या बाळंतिणीले न्यायले कामी पडेल गाडी, मग कोणी काही म्हणणार नाई." तिचा हेतू चांगला. त्यासाठी ॲम्ब्युलन्स आहे म्हटलं. मला माफीपत्र म्हणून नको ती गाडी.
संध्याकाळी सुरूच होईना. बॉनेट उघडून उभी राहिली, रडू आलं. गाडीसाठी नाही.

३ डिसें.
इस्त्रीची गोष्ट डोक्यातून जात नाही. त्यांच्या शाळेत पहिल्या वर्षी त्यांना खुर्ची दिली नव्हती. उभ्यानं शिकवलं, तेही इस्त्रीच्या शर्टात. त्यांचं भांडण तसं होतं. मला माहीत आहे, मी तेव्हापासून सोबत आहे.
पण माझं मी बसून करीन.

८ डिसें.
सुट्टी. प्लगमध्ये कचरा होता, साफ केल्यावर उठली. कुठेच काम नव्हतं, आरमोरीपर्यंत गेली अन् आली. सागाची पानं रस्त्यावर, मागे उडतात आरशात. एस्टीला ओव्हरटेक केलं, खिडकीतल्या पोरी ओरडल्या. कोणाला काही सिद्ध केलं नाही. फार बरं वाटलं.

१२ डिसें.
वडशाला गेली. माफी मागायला नाही, आणायलाही नाही, भेटायला. गाडी भावाच्या दारासमोरच लावली, कोपऱ्यात नाही.
गुरुजी बाहेर आले. वाळलेत. इस्त्री आहे. गाडीभोवती एक चक्कर मारली, टायरला चपलेनं टोचलं.
"मायलेज?"
"विचारू नका."
जाऊबाईनं चहा दिला. मी उठली, किल्ली घेतली, तेव्हा म्हणाले, "सोमवारी येतो."
"न्यायला येऊ?"
"बसनं येईन."
"मग स्टँडवर येते."
"स्टँडवरून पायी येईन मी. तुझ्या मोटारीत नाई बसणार."
"नका बसू," म्हटलं. "मी बाजूनं हळू चालवीन."
फाटकापर्यंत आले, अन् रिव्हर्स घेताना मागून ढोर येत होतं तर हात वर करून थांबवलं मला.
सोमवार. पाहू.