बेटावर गेलेली माणसं

प्रिय खारूताई,

या रविवारी सगळ्यात आधी आला तो आपला कुलपं-किल्ल्या दुरुस्त करणारा किल्लीवाला. चारला या म्हटलं होतं, तर हा साडेतीनलाच दारात उभा, आणि तोही स्वतःची खुर्ची घेऊन. मी म्हटलं, अहो, माझ्या घरात काय खुर्च्यांचा दुष्काळ पडलाय? तर म्हणतो, आजी, तुमच्या खुर्चीत माणूस बसला की घोरायला लागतो, आणि आज मालिकेतलं कासव पाण्यात उतरायचंय, घोरून चालायचं नाही. त्याच्यामागून समोरच्या दारातल्या नर्सबाई आल्या, हातात बिस्किटांचा डबा. गेल्या वर्षी निवृत्त झाल्या तरी चालणं अजून वॉर्डातलंच. आल्या आल्या माझा चष्मा काढून पुसला, परत माझ्या नाकावर ठेवला आणि टीव्हीचा आवाज दोन घरं कमी केला. विचारायचं नाव नाही.

तर अशी आमची तिघांची बैठक. गेले तीन रविवार आपल्या मालिकेचं शेवटचं पर्व आम्ही बघतोय. सहातले पाच भाग झाले, एक राहिला. खरं तर तू येणार होतीस. सहा वर्षांपूर्वी पहिला भाग लागला तेव्हा तू पंधराची होतीस, आणि शेवटचा भाग आपण दोघींनी एकाच पांघरुणात बसून बघायचा असं ठरलं होतं. मी वाट बघितली. पाच महिने तू आली नाहीस. मालिका काही माझ्यासाठी थांबेना, म्हणून मग वाचायला नर्सबाईंना धरलं. तुला माहीतच आहे माझं वाचन. तिसरीत शाळा सुटली ती सुटलीच. खाली पट्टीवर अक्षरं अशी धावतात की मी एक शब्द लावेपर्यंत बोलणारा माणूस घोड्यावर बसून दुसऱ्या गावाला पोचलेला असतो. आणि ती माणसं बोलतात त्या भाषेतलं मला एक अक्षर कळत नाही, नुसतं भांडल्यासारखं वाटतं.

आता पर्वाबद्दल विचारशील, तर मला नाही आवडलं. अगदी तोंडावर सांगते. पहिल्या वर्षी जो डोंगर चढायला त्यांना चार भाग लागले, तो यंदा माझा चहा गार व्हायच्या आत उतरून मोकळे. दुष्ट भाऊ एकाएकी चांगला झाला, का तर म्हणे त्याला आईचा आवाज ऐकू आला. अरे, पाच वर्षं ती बाई खिडकीतून ओरडून ओरडून घसा फोडत होती तेव्हा तुझ्या कानात काय बोळे होते? आणि सगळं अंधारात. किल्लीवाला म्हणाला, राजवाड्याचा फ्यूज उडालाय बहुतेक, कुणीतरी वायरमनला बोलवा. कासवाच्या पाठीवर अख्खं शहर वसलंय, त्या शहरात हजार माणसं, पण मेणबत्ती एक. नर्सबाई हसल्या नाहीत, त्या वाचत होत्या. त्या कशा वाचतात सांगू? थर्मामीटरवरचा ताप वाचावा तशा. राणी रडतेय, शत्रू येतोय, घोडा हरवला, सगळं एका सुरात. तुझ्यासारखे आवाज बदलणं नाही की मध्येच थांबून माझा गुडघा दाबणं नाही.

पण टकली राणी अजून तशीच आहे बरं का. तोच रुबाब. कासव भरकटू नये म्हणून स्वतःचे केस कापून त्यांचा दोर वळला आणि लगाम केला, तेव्हापासून एक केस उगवला नाही तिच्या डोक्यावर, पण मान बघावी तर ताठ. दरबारात कुणीतरी तिला मखमली टोपी दिली, तर तिने ती मांजराच्या पिलांना अंथरायला दिली. मला हा भाग फार आवडला. किल्लीवाला म्हणाला, आजी, तुम्ही टाळ्या काय वाजवताय? मी म्हटलं, तुम्ही गप्प बसा, ती आमची राणी आहे.

मी त्या दोघांना पहिल्याच रविवारी सांगून ठेवलं होतं, की बघा, शेवटी बेटावरची सगळी माणसं परत येणार. कॅलेंडरच्या मागे मी त्यांच्या रेघा मारून ठेवल्या होत्या, एकूण अकरा. कासवाचा म्हातारा माहूत, ती दोन जुळी, पाव भाजणारी बाई, आणि आपला काटकुळा घंटावाला. काटकुळ्यावर माझा जीव. तिसऱ्या वर्षी त्याला होडीत निजवून, पिवळं पांघरूण घालून पाण्यात सोडलं, तेव्हा तू म्हणाली होतीस, आजी, त्याला बेटावर नेतायत, तिथे वैद्य असतात, बरा होऊन येईल. जो होडीत गेला त्याच्यासाठी तू हेच वाचलंस. मी किल्लीवाल्याला म्हटलं, शेवटच्या लढाईला अकरा होड्या धुक्यातून येणार आणि शत्रूची पळता भुई थोडी होणार. तो नुसता बिस्किट बुडवत राहिला. ते चहात पडलं तरी त्याला कळलं नाही.

तर या रविवारी, पाचव्या भागात, काटकुळ्याच्या आईला होडीत निजवलं. तेच पिवळं पांघरूण. नावाडी काहीतरी बोलला आणि नर्सबाईंनी वाचलं, प्रेताचं तोंड किनाऱ्याकडे ठेवा, मेलेल्यांना घर शेवटचं दिसू द्या. मी म्हटलं, नर्सबाई, चुकलात, ती बेटावर चाललीय, औषधाला. त्या म्हणाल्या, आजी, प्रेत म्हटलंय. मी म्हटलं, मागे घ्या आणि परत वाचा. त्यांनी मागे घेतलं, परत वाचलं. तेच. मग मी किल्लीवाल्याला म्हटलं, तुम्ही वाचा हो. तर त्याने चष्मा काढला आणि म्हणाला, माझा नंबर बदललाय. सकाळी माझ्या देखत बोटाच्या नखाएवढ्या कुलपात फुंकर मारून आतल्या कड्या मोजत होता हा माणूस, आणि म्हणे नंबर बदललाय.

मी टीव्ही बंद करायला लावला. कॅलेंडर भिंतीवरून काढलं आणि उशीखाली ठेवलं. नर्सबाईंनी कपबशा विसळल्या.

खारू, रागावले नाही हं मी. घाबरू नकोस. मला आठवलं, पहिली होडी कधी आली ते. तुझे आजोबा जाऊन महिनाही झाला नव्हता. म्हाताऱ्या माहुताला चौघांनी उचललं आणि मी तुला विचारलं, कुठे नेतायत गं याला? तू पट्टी वाचलीस. मग म्हणालीस, बेटावर, आजी, बरं करायला. तुझा आवाज मध्ये थोडा अडकला होता. मला वाटलं तुला खोकला झालाय, मी तुला गरम पाणी दिलं. आणि एक सांगू? मला त्या वेळी इतकं बरं वाटलं होतं. वेडी बाई मी. त्या दिवसांत दुपारी एकटी असले की मला वाटायचं, आपल्या म्हाताऱ्यालाही तसंच कुणी पिवळं पांघरूण घालून नेलंय, कुठेतरी ऊन आहे, तो बसून कुणाशी तरी वाद घालतोय.

आणि अगदीच खुळी नव्हते गं मी. मला भरभर वाचता येत नाही, पण बघता येतं. काटकुळ्याच्या मानेतून बाण आरपार गेला होता आणि तू म्हणालीस खरचटलंय. एवढा बाण आरपार जाऊन कुणाला खरचटतं? मी शर्टाच्या कारखान्यात एकतीस वर्षं बटणं लावली. कुठलं बटण तुटून मागाहून लावलंय ते मला लांबून कळतं, धागा तोच रंग असला तरी. तुझं ते वाचणं ऐकताना मला धागा दिसत होता. पण तू इतकी जीव लावून लावत होतीस, की मी म्हटलं, राहू दे, शर्ट तर अंगाला बसतोय. तू मला फसवलंस आणि मी फसून घेतलं. दोघींनी मिळून अकरा माणसं जिवंत ठेवली. त्याचं मला वाईट नाही वाटत.

वाईट वाटतंय ते दुसरंच. ते लिहायला मला चार दिवस लागले. मध्ये दोन पानं फाडली.

तू फोनवर तोंड दाखवतेस तेव्हा डोक्याला टोपी असते. लोकरीची, कानापर्यंत. नवी नोकरी आहे, ऑफिसात गारठा असतो म्हणालीस. बरं. केस कापले, फॅशन आहे म्हणालीस. बरं. आवाज बसलाय, दिवसभर बोलावं लागतं. बरं. पण तुझ्या मागची भिंत नुसती पांढरी, एक खिळा नाही तिला, आणि पलंगाला लोखंडी कठडा. तू राहतेस तिथे एवढ्या मोठ्या पोरी रात्री पडतात का गं, कठडे लावायला? आणि तुझा बाप. महिन्यातून तीनदा तुझ्या गावाला येतो आणि सांगतो लिफ्टचं काम निघालंय. इथल्या लिफ्टा काय सगळ्या सुधारल्या? आपल्याच इमारतीची दोन मजल्यांच्या मध्ये अडकून बसलीय, नर्सबाई रोज जिने चढतात. गेल्या वेळी परत आला तेव्हा हत्यारांची पेटी इथेच विसरून गेला होता हे त्याच्या लक्षातच नव्हतं. मी पेटी कॉटखाली सरकवली. जेवायला वाढलं. जेवला नाही.

पाचव्या भागाच्या आदल्या रविवारी नर्सबाईंना मी तुझा फोनवरचा फोटो दाखवला. कौतुकानेच दाखवला, माझी खारू बघा म्हणून. त्यांनी फोन हातात घेतला. लांब धरला, जवळ धरला. तुझ्या मनगटावर प्लास्टिकची पट्टी होती, तिच्यावर बोट ठेवून बराच वेळ बघत बसल्या. मग मला म्हणाल्या, छान आहे हो मुलगी, थंडी असेल तिकडे. बस. एवढंच. आणि त्या ताप वाचल्यासारख्या नाही म्हणाल्या गं. त्यांचा आवाज मध्ये थोडा अडकला. तुझा अडकला होता तसा. या बाई कुणासाठी खोटं वाचत नाहीत, माझ्या तोंडावर प्रेत म्हणाल्या, आणि तुझ्या फोटोसाठी मात्र खोटं वाचलं. पण मीही म्हटलं, हो ना, थंडी असेल. आणि सगळ्यांना अजून एकेक बिस्किट दिलं.

म्हणून पत्र लिहितेय. फोनवर विचारलं असतं तर तू जागच्या जागी काहीतरी वाचून दाखवलं असतंस, आणि मी परत फसून घेतलं असतं, कारण मला ती सवय लागलीय आणि तुलाही. लहानपणी शेंगदाणे गालात साठवून काही नाही काही नाही म्हणायचीस, तेव्हापासून तू खारू. आता काढ ते तोंडातलं. काय झालंय, किती झालंय, डॉक्टर काय म्हणतात, जसं असेल तसं सांग, नर्सबाईंसारखं एका सुरात सांग. मी पलंगावर बसून ऐकेन, पडणार नाही. मला बेट नको. मला तू जिथे आहेस तिथलाच पत्ता हवाय, म्हणजे तुझ्या बापाला सांगते, पेटी राहू दे, मला घेऊन चल. तोवर शेवटचा भाग आम्ही बघणार नाही, असं मी त्या दोघांना सांगून टाकलंय. किल्लीवाल्याला आधीच कुठूनतरी शेवट कळलाय, त्याच्या तोंडावर दिसतं, पण तो बोलत नाही आणि मी विचारत नाही. तो भाग तू वाचायचास. फोनवरून वाच, अंथरुणात पडून वाच, दोन ओळी वाचून दमलीस तर थांब, आम्ही टीव्ही थांबवू. होडी आली तर होडी म्हण आणि मेलं तर मेलं म्हण. आणि ती टोपी काढून बस. टकली राणी मला सगळ्यांत जास्त का आवडते हे तुला सांगायला नको. हे पत्र तुझ्या बापाच्या हातून पाठवतेय, ते पोचायला वेळ लागेल म्हणून मी त्यांना येत्या रविवारी येऊ नका म्हटलं, तर किल्लीवाला खुर्ची इथेच ठेवून गेला. दोघंही त्याच्या पुढच्या रविवारी येतो म्हणालेत, चार वाजता.

तुझीच,
आजी