फिबाची वाटणी

वेदर्सफील्ड, २२ एप्रिल १७४८

प्रिय लिडिया,

हे पत्र तिसऱ्यांदा लिहायला घेतलंय. दोन ओळी झाल्या की उठते, फाटकापर्यंत जाते, रस्ता बघते आणि परत येऊन बसते. आई म्हणते, "हेटी, तुझ्या पायाला भिंगरी लागलीय का?"

बाबांच्या मालमत्तेच्या वाटण्या झाल्या. कोर्टाने नेमलेली तीन माणसं मोजायची दोरी घेऊन घरभर फिरली. असाहेल थोरला भाऊ, म्हणून त्याला आपल्या दुप्पट. आईला विधवेचा तिसरा हिस्सा: पूर्वेची खोली, अर्धं तळघर, भट्टीत पाव भाजायचा हक्क आणि जिन्यावरून जायची-यायची मुभा. आई त्यांना म्हणाली, "जिन्याच्या कुठल्या पायऱ्या माझ्या तेवढं सांगून ठेवा. बाकीच्या मी उडी मारून चढेन." त्यांच्यापैकी कुणी हसलं नाही. असाहेल खिडकीबाहेर बघत राहिला.

मला नदीकाठचं कुरण आलं. तुला चांदीचे चमचे, बाबांचा पलंग आणि फिबा.

यादीत 'गुलाम फिबा' हे नाव बैलजोडीच्या खाली होतं. जिने आपल्या दोघींच्या वेण्या घातल्या, ती बैलांच्या खाली. तिची टेंपी, आठ वर्षांची, असाहेलच्या वाट्यात. मी त्याला गोठ्यात गाठलं. म्हटलं, "मायलेकींची ताटातूट करू नकोस. माझं कुरण घे आणि दोघींना सोड." तो म्हणाला, "टेंपीचं माझ्या हातात आहे गं, पण फिबा लिडियाला आली, म्हणजे आता मेहुण्यांची. ते मे महिन्यात न्यूपोर्टहून बोट घेऊन येतायत तिला न्यायला." तो दुष्ट नाही, लिडिया. त्याला फक्त कागदावर सही करून मोकळं व्हायचं होतं.

त्याच संध्याकाळी फिबा पीठ मळत होती. मान वर न करता तिने विचारलं, "हेटीबाई, न्यूपोर्टहून इथवर चालत यायला किती दिवस लागतात?" मी म्हटलं, "पाच-सहा." तिने पिठाचा गोळा उलटा केला. मग म्हणाली, "आणि आठ वर्षांच्या पोरीला?"  मी उठून बाहेर गेले, तशी अजून आतबाहेरच करतेय.

रविवारी आम्ही सगळे प्रार्थनेला गेलो. निघताना मी बाबांचा जाड कोट आणि दोन पाव मागच्या दाराशी ठेवले आणि दाराला कडी घातली नाही. दुपारी परत आलो तर चूल गार होती. आज पाचवा दिवस. असाहेलने त्या मायलेकींच्या मागे दोन घोडेस्वार पाठवले होते, ते रिकाम्या हातांनी परतले. त्या कुठे गेल्या ते मला माहीत आहे. तुला सांगणार नाही, म्हणजे तुला खोटं बोलावं लागणार नाही.

फिबाच्या बदल्यात माझं कुरण तुमच्या नावे केल्याचा कागद सोबत आहे. तो नवऱ्याला दे आणि हे पत्र चुलीत टाक. तरीही तो वर्तमानपत्रात तिच्या शोधाची जाहिरात छापायला निघेल, आणि तुला विचारेल की तिच्या अंगावर ओळखायची खूण कोणती. त्याने तिला नीट पाहिलेलं नाही. तू पाहिलंयस. तू तीन वर्षांची असताना चुलीवरची उकळती किटली तुझ्या अंगावर कलंडली आणि तिने आपला डावा हात मध्ये घातला. लिडिया, तेवढं सांगू नकोस.

तुझीच,
हेटी